कंट्रोलरसाहेबांची हरकत

आमच्या गल्लीतल्या कंट्रोलरसाहेबांइतका भांडखोर माणूस त्या काळी सबंध परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि इतकं भांडूनही ज्याच्या घरी चहाला जावंसं वाटावं असाही दुसरा नसेल. ते एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरचा कर्णा बहुतेक वेळ बंद असायचा, पण त्यावाचून कोणाचं अडल्याचं मला आठवत नाही. साहेबांनी खिडकीतून तोंड बाहेर काढून ‘मानवत, पाथरी’ म्हटलं की पलीकडच्या रसवंतीत बसलेला माणूस अर्धा पेला टाकून पळत सुटायचा. हाच आवाज ते खाकी कपड्यांबरोबर घरी घेऊन यायचे. सकाळी ओट्यावर उभं राहून ते गल्लीला उद्देशून जे बोलत, ते ऐकलं नाही असं म्हणायची सोय कोणालाच नव्हती.

भांडणाचा विषय एकच, झाडं. दुष्काळ सरून पाऊस जरा बरा झाला त्या सुमारास मी परभणीला हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो आणि साहेबांच्या समोर एक खोली घेतली. गल्लीत तेव्हा सावली होती ती फक्त भिंतींची, आणि ऐन दुपारी तीही भिंतीच्या पोटात शिरायची. साहेबांनी कोणाला न विचारता रस्त्याच्या कडेनं खड्डे खणले, कुठूनशी कडुलिंबाची आणि करंजाची रोपं आणली आणि दर घराच्या नावानं एकेक लावून टाकलं. मी सामान लावत होतो, ओळखपाळख काही नव्हती, तोच दारात येऊन म्हणाले, “सर, तुमचं करंज बाहेर हाय. आंघोळीचं पाणी मोरीत सोडायचं न्हाई, त्याला घालायचं.”

मी म्हटलं, “अहो, मी भाडेकरू आहे.”

“झाडाला ते कळत न्हाई,” असं म्हणून ते पुढच्या दारी गेले.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत माणसाच्या तब्येतीची चौकशी झाडाच्या नंतर होऊ लागली. मला टायफॉइड झाला तेव्हा साहेब रोज समाचाराला यायचे, घरून वहिनींनी केलेली पेज आणायचे, माझ्या कपाळाला हात लावायचे आणि म्हणायचे, “तुमी पडून राहा. करंजाला मी बघायलोय.” मला त्याचा धीर वाटायचा, हे आता सांगायला हरकत नाही. कोणी लिंबाला सायकल टेकवली तर ती सायकल साहेबांच्या ओट्यावर जप्त होऊन पडायची. एकदा गल्लीतून नवरदेव मारुतीला निघाला होता. वाजंत्री थांबली तेवढ्या वेळात घोडीनं एका लिंबाचा शेंडा खाऊन टाकला. साहेबांनी घोडीचा लगाम धरला आणि नवरदेवाला म्हणाले, “जावा, लग्न लावून या. पण दुसरं झाड तुमीच लावायचं.” वऱ्हाडी खवळले, करवली रडायला लागली. साहेब लगाम सोडीनात. शेवटी नवरदेवानं घोडीवरूनच कबूल केलं. लग्न झाल्यावर तो खरोखरच आला. हाताची हळदही उतरली नव्हती. नवी नवरी तांब्या घेऊन पाणी घालत होती आणि साहेब तिला मुळाशी ओतायला शिकवत होते.

त्यांना तोडीस तोड एकच बाई होती, गल्लीच्या टोकाला शेळ्या पाळणारी खाला. साहेबांनी तिला शेळ्या बांधून ठेवायचा कायदा समजावून सांगितला तेव्हा ती म्हणाली, “अरे कंट्रोलर, मेरी बकरी कू पत्ता दिखता, तेरा कायदा नै दिखता.” मग त्यांनी डांबराची रिकामी पिंपं मागून आणली, बूड काढून प्रत्येक झाडाला घातली आणि खालाच्या दारीही एक लिंब लावून दिला. आपल्याच झाडावर आपलीच शेळी चढलेली पाहिली तेव्हा खालानं तिला जी हाणली, ती पाहून साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

स्वतःच्या दारासमोर मात्र त्यांनी पिंपळ लावला होता. साहेब ताडकळसकडच्या एका खेड्यातले. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते शाळेत होते. पिंपळ कशासाठी हे गल्लीनं ओळखलंच होतं, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांना तो आवडला नव्हता. माझी आई राणीसावरगावहून आली की पिंपळाच्या बाजूनं जाण्याऐवजी मागच्या बोळातून चिखल तुडवत यायची. पिंपळावर मुंजा असतो, दारात पिंपळ नसावा, हे ती मला बजावायची, आणि साहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बजावायची. साहेब हसून म्हणायचे, “मावशी, अजून बारकं हाय झाड. मुंजा बसला तर फांदी मोडंल.”

पिंपळ छपराच्या वर गेला आणि गल्लीत नाली बांधायचं काम निघालं. कामावरच्या ओव्हरसीयरनं दोरी धरली, ती बरोबर पिंपळाच्या बुंध्यावरून गेली. बाकीची झाडं वाचत होती, पिंपळ जाणार होता. साहेब ड्यूटीवर असताना कुऱ्हाडी घेऊन माणसं आली. वहिनी बाहेर येऊन उभ्या राहिल्या, पण त्यांना काही बोलावंच लागलं नाही. मुकादमानं झाडाकडं वर पाहिलं आणि कुऱ्हाड खाली ठेवली. ओव्हरसीयरला म्हणाला, “साहेब, पिंपळ हाय. आमाला लेकरंबाळं हायत. मुंजा धरल्यावर कोण सोडवायचं?” ओव्हरसीयर चिडला, त्यानं विनवण्या केल्या, पण एकही माणूस पुढे होईना. गल्लीला हायसं वाटलं. साहेब येताना दिसले तसा मी पुढं जाऊन त्यांना ही आनंदाची बातमी दिली.

साहेबांचा चेहरा उतरला. ते तडक मुकादमापुढे गेले आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “या झाडावर मुंजा न्हाई. भूत न्हाई, काही न्हाई. हे झाड म्या लावलंय, माझ्या बायकोनं पाणी घातलंय. उगं कोणी भिऊ नका.”

ओव्हरसीयरला देव भेटल्यासारखं झालं. “ऐकलं का रे? मग तोडायला हरकत नाही.”

“हरकत हाय,” साहेब म्हणाले. “माझी हरकत हाय.”

मी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. म्हटलं, “साहेब, झाड आपोआप वाचत होतं. गप्प बसायचं तुम्ही.”

ते हळू बोलले. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. “सर, आमच्या गावात वड-पिंपळाचे पार लय मोठे. माझा बाप त्या पारापुढून जाताना चपला हातात घ्यायचा. सावलीत बसायची बातच सोडा. आता हे झाड भुताच्या भीतीनं ठेवलं, तर त्याच्याखाली तरी कोण बसणार? मला नुसतं वाचलेलं झाड काय करायचंय? मला बसायचं झाड पायजे.”

एवढं बोलून ते खाकी कपड्यांनिशी पिंपळाखाली मांडी घालून बसले. वहिनी शेजारी बसल्या. दिवस कलत आला होता. त्या वेळेला पिंपळाखाली बसणं म्हणजे आमच्या गल्लीच्या हिशेबानं मरणाला बोलावणं. कोणी हलेना. मग खाला आली, बुंध्याला टेकून बसली आणि पानाची चंची सोडून म्हणाली, “कंट्रोलर, जरा सरक.” तिच्या मागून मी गेलो. आणि मी बसतोय न बसतोय तोच समोरच्या माझ्या खोलीतून माझी आई आली; त्या आठवड्यात ती राहायला आलेली होती. पदर घट्ट ओढून घेतलेला, ओठ रामराम पुटपुटत होते. माझ्याकडं न पाहता ती म्हणाली, “मी म्हातारी. मला धरून मुंजाला काय भेटणार?” आणि वहिनींना लागून बसली.

त्यानंतर गल्ली घरात राहिली नाही. कोणी सतरंजी आणली, कोणी चहाची किटली. झाडाची सावली घोंगडीएवढी, माणसं रस्ताभर. मुकादमही कडेला बसून तंबाखू मळायला लागला. ओव्हरसीयर एकटा दोरी हातात घेऊन उभा. शेवटी दोरी गुंडाळत तो म्हणाला, “झाड ठेवतो. पण नाली वळवली तर तुमचा ओटा जाईल.”

साहेब उठले, घरात गेले आणि पहार घेऊन बाहेर आले. वडिलांनी पहिल्यांदा पोराच्या पक्क्या घरी येऊन बसावं म्हणून शहाबादी फरशी घालून केलेला तो ओटा होता. वडील त्यावर एकच उन्हाळा बसले आणि गेले. साहेबांनी पहिला घाव घातला तेव्हा वहिनी आत निघून गेल्या. साहेब मात्र थांबले नाहीत. फरशी उचकटली, दगड काढले, आणि ओव्हरसीयरला म्हणाले, “धरा आता दोरी.”

पुढे साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी कोणाचा निरोप घेतला नाही, दारोदार जाऊन फक्त प्रत्येकाच्या झाडातल्या खोडी सांगितल्या. नंतर गल्लीत सकाळी इतकी शांतता असायची की मला उशिरा जाग यायला लागली.

एका उन्हाळ्यात दुपारी ते अचानक आलेले दिसले. केस पिकले होते, आवाज खाली आला होता. पिंपळाखाली गर्दी होती. कांदे विकणारी एक बाई, गाडीची वाट पाहणारे दोघे-तिघे, चाकाचं पंक्चर काढणारा एक जण, पाय पसरून झोपलेला एक हमाल. त्यांतलं कोणीच साहेबांना ओळखत नव्हतं. ते उन्हात उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मी पुढं होऊन म्हटलं, “थांबा, त्या झोपलेल्याला उठवतो. बसा तुम्ही.”

त्यांनी माझा हात धरला. “उठवू नका,” ते म्हणाले. “जागाच न्हाई हो सर, बघा की.” असं सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. चहालाही ते थांबले नाहीत. टोपी सरळ करून, भिंतीच्या कडेकडेनं, उन्हातूनच स्टँडकडे चालत गेले. त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही.