मागची पत्री

बायकोच्या भावाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दाजी लग्नानंतर चिकटले ते चिकटलेच. समोर भिंत, पाठीमागे मेहुण्याची खुर्ची.

आज एका गिऱ्हाइकाला जुन्या कॉम्प्युटरचं सगळं सामान काचेच्या नव्या डब्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये, हलवून हवं होतं. दाजींनी मदरबोर्ड बसवला, स्क्रू आवळले, वायरी जोडल्या. तेवढ्यात मेहुण्याने टेबलावरची वायरींसाठी भोकं असलेली एक पातळ लोखंडी पत्री उचलली. ती डब्याच्या पाठीला बोर्डाच्या आधी बसवायची असते. विसरली की सगळं पुन्हा खोलायचं.

"दाजी, पत्री राहिली," मेहुणा शांतपणे म्हणाला. "म्हणजे दुसरीकडे नोकरी बघताय. मागच्या वेळी बघत होतात तेव्हाही अशीच राहिली होती."

दाजींची मुलाखत उद्याच होती.

"ताईला तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

घरी बायको, दुकानात बायकोचा भाऊ. माणसाने निदान मनातल्या मनात पळावं, तर तिथेही हा दारात उभा.

दाजींनी स्क्रू सोडले, पत्री बसवली आणि बोर्ड परत आत ठेवला. डबा नवा कोरा होता. स्क्रूंची भोकं मात्र सगळी जुन्याच जागी होती.