शेडची आतली कडी

मंडळी, आज लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या घरी जे घडलं, ते मनातून जात नाहीये.

मागच्या अंगणातली जुनी शेड आमच्या सईच्या सरड्यासाठी तयार करत होतो. उन्हाच्या बाजूला जाळी लावून झाली. मग दार पुसताना दिसली, चांगली भक्कम पितळी कडी, पण आतल्या बाजूला!

"आई, ही कडी काढून बाहेर लाव ना. तू तर काहीच वाया घालवत नाहीस!"

मलाही पटलं. स्क्रू फिरवायला लागले, तोच कुंपणापलीकडून शेजारच्या मार्गारेट आजी हळूच म्हणाल्या, "तुमच्या आधीच्या बाईंनी लावली होती ती. नवरा ओरडायला लागला की आत जाऊन बसायच्या."

माझा हात थांबला. कडीखालची फळी कुणीतरी टेकून टेकून गुळगुळीत झालेली होती.

ती कडी राहू दिली. बाहेरून लावायला नवी आणली, आणि पैशांची हळहळ वाटली नाही. सांजवात केल्यावर एक दिवा शेडपाशीही ठेवला. आत सरडा त्या कडीजवळ चिकटून बसला होता, बाहेरची चाहूल घेत असल्यासारखा.

सई हसली, "आता आतून कोण लावणार, आई?"

तुम्ही असता तर ती कडी काढली असतीत का?