पाटलाच्या दाराला वेठीची काठी

घाटनांदूरला अजून सांगतात की आमच्या सुभद्राबाईनं तहसीलदारांचा तंबू पेटवला, त्यात साहेबांची घोडी भाजली, आणि ही बाई हातात कोलीत घेऊन लिंबागणेशच्या आमराईत नाचत होती. सांगणारे इतक्या चवीनं सांगतात की ऐकणाऱ्याच्या नाकात धूर जावा. मी तिचा भिंतीला भिंत लागून शेजारी. सगळं खोटं आहे. सुभद्राबाईच्या घरात चूल पेटायची मारामार, ती तंबू कुठला पेटवते? तिनं केलं ते एवढंच. एका दाराची काठी उचलली आणि दुसऱ्या दाराला टेकवली. पण त्या काठीपायी डोक्यावर कोंबड्या घेऊन जो चालला, तो घाटनांदूरचा होता. आपला माणूस कोंबड्यांखाली गेला म्हणण्यापेक्षा तंबू जळाला म्हणणं त्यांना बरं वाटतं.

निजामाचं राज्य. आम्हा रयतेचं राजकारण काय, तर साहेब आला की मुजरा करायचा, साहेब गेला की शिवी द्यायची, आणि तो असेपर्यंत वेठ करायची. कोणी अंमलदार दौऱ्यावर आला की त्याचे तंबू, बिछाने, कोंबड्या, हुक्क्याची भांडी, सगळं गावानं डोक्यावरून फुकट पुढच्या मुक्कामाला पोचवायचं, ही वेठ. आमच्या गावात तिच्यासाठी एक बाभळीची काठी होती. ती ज्याच्या दाराला टेकलेली, त्या घरानं माणूस द्यायचा. वेठ करून परतलेल्यानं काठी उचलून पुढच्या दाराला लावायची. पाटलाचं दार आलं की काठी ते ओलांडून जायची. मग कुलकर्ण्यांचं दारही ओलांडू लागली. मग पाटलाच्या भावकीची, भावकीच्या सोयऱ्यांची, असं करत करत दारं गळत गेली आणि उरलेल्यांच्या दारात काठी भुकेसारखी वरचेवर येऊ लागली. याबद्दल ओट्यावर बसून आम्ही पुष्कळ बोलायचो. चावडीत कोणी बोलत नसे.

सुभद्राबाईचा नवरा गहिनीनाथ. एके काळी चांगला आडवा गडी. मागच्या पाळीला भिजलेला तंबू वाहून नेला आणि तिथून खोकला धरला तो सुटेना. पुढं पुढं खोकल्यात रक्त दिसायला लागलं. वैदू म्हणाला, याच्या डोक्यावर आता ओझं दिलंत तर माणूस हातचा जाईल. भिंतीपलीकडून तो खोकला आम्हाला इतका पाठ झाला होता की आमची म्हैस त्यावर पान्हा सोडायची.

बाई पाटलाकडे गेली. अर्जुनराव पाटील झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. एवढी एक पाळी माफ करा, असं ती म्हणाली. पाटील म्हणाले, खोकला तर आमच्या पांढऱ्या बैलालाही आहे, म्हणून त्याला कोणी नांगर माफ केला का? मग ती म्हणाली, त्यांच्या जागी मी येते. त्यावर पाटलांना गावाची अब्रू आठवली. बाईच्या डोक्यावर सरकारी ओझं देणारं हे गाव नव्हे, म्हणाले. बाई परत आली. पाटलांनी सुपारी पुरी कातरली.

पुढं थोड्याच दिवसांत तहसीलदारांच्या दौऱ्याची वर्दी आली, आणि काठी नेमकी सुभद्राबाईच्या दाराला. पाटील मुजरा करायला आदल्या दिवशीच साहेबांच्या पुढच्या मुक्कामी, लिंबागणेशला गेले. दिवस उजाडताना मी परसाकडून टमरेल घेऊन येत होतो. बघतो तर सुभद्राबाई काठी काखेत मारून भराभर चाललेली. मी विचारलं, वहिनी, काठी कुठं निघाली?

"काठी बी जरा चांगल्या घरचं बघंल की, भावजी," ती म्हणाली, आणि तिनं ती नेऊन पाटलाच्या दाराला लावली.

आता गंमत अशी, की तो अधिक महिना होता. धोंड्याच्या जेवणासाठी पाटलाचा जावई धर्मराज घाटनांदूरहून येऊन राहिला होता. अंगावर सासऱ्यानं घेतलेलं नवं धोतर, डोक्याला जरीचा फेटा तसाच, बोटात नवी अंगठी, पोटात पुरणाचे धोंडे, असा तो ओसरीवर घोरत होता. तहसीलदारांचा शिपाई हैदराबादेकडचा, या भागात नवा. त्याला गावातलं एकच शिकवलेलं, काठी असेल तिथला माणूस धरायचा. त्यानं काठी बघितली, माणूस बघितला आणि पायानं ढोसला.

"उठ बे."

धर्मराज म्हणाला, मी जावई आहे. शिपाई म्हणाला, कालच्या गावात एक आजारी होता, एक मुका होता, एकाची म्हातारी मरत होती. जावई आजच भेटला. आणि त्यानं कोंबड्यांचं डालगं उचलून जावयाच्या फेट्यावर ठेवलं. पाटलीणबाई आत विहिणीला सांगायच्या गोष्टी ठरवत होत्या. त्या बाहेर येईपर्यंत वरात वेशीपाशी पोचली होती. आम्ही सगळे आपापल्या दारात. एकानेही शिपायाला सांगितलं नाही की हा कोण आहे. सांगायला तोंड मोकळं पाहिजे. आमच्या तोंडात धोतराचे सोगे कोंबलेले. कोंबड्यांनी त्यांचं काम वाटेत चोख केलं, आणि जावई मुक्कामी पोचला तेव्हा फेट्याची जर कुठली आणि दुसरं काय कुठलं, हे सांगता येत नव्हतं.

आमराईत पाटील हात जोडून उभे. तहसीलदारांनी त्या अंगठीवाल्या हमालाकडे बघितलं आणि म्हणाले, पाटील, तुमच्या गावचे बेगारी सोनं घालतात, मग सारा वाढवायला हरकत दिसत नाही. पाटलांना जावई ओळखता येईना. ओळखला असता तर दोघांची अब्रू गेली असती. डालगं उतरवून जावई घाटनांदूरला जो गेला तो सासऱ्याचा निरोप न घेताच. त्याच्या वाटणीचे धोंडे शेवटी आमच्या गल्लीनं खाल्ले.

काठी कोणी हलवली हे पाटलांना संध्याकाळपर्यंत कळलं. कसं कळलं असं विचारू नये. आमच्या गावात गंमत पोटात राहत नाही. दुसऱ्या दिवशी चावडी भरली. पाटील रागावलेले दिसले असते तर बरं झालं असतं. ते हसत होते.

"बाईला काठीची लई हौस हाय," ते म्हणाले. "तर काठी आता तिच्याच दाराला ऱ्हाईल. कायमची. मानूस नसंल तर बाई गेली तरी चालंल. कुनाचं काही म्हननं?"

आमच्या चावडीत गप्प बसणं म्हणजे होकार. आदल्या दिवशी ज्यांची पोटं हसून दुखली, ते सगळे तिथं होते. प्रत्येकानं मनातल्या मनात आपली पाळी टळताना पाहिली आणि प्रत्येकानं आपल्या अंगठ्याकडे बघायला सुरुवात केली. सुभद्राबाई पायरीपाशी उभी होती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. सटवा तेली, त्याच्या शेजारी मी, माझ्या शेजारी आप्पा. फार वेळ लागला नाही.

तेव्हापासून आमच्या गावाला वेठ राहिली नाही. सुभद्राबाईला राहिली. अब्रूचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही. ती तंबूचे खांब वाही, घोड्यांना पाणी घाली, रात्री येऊन नवऱ्याला पेज पाजी. आम्ही तिला सरकारीणबाई म्हणू लागलो. वाटेनं ओझं घेऊन चालली की सटवा विचारायचा, काय सरकारीणबाई, पगार वाढला का? ती तशीच पुढं चालायची. मान वळवली असती तर ओझं पडलं असतं.

मग सुगीत एकदा ती एका अंमलदाराचं सामान घेऊन पालीकडे गेलेली, आणि इकडे पोलिसातले एक अमीनसाहेब अचानक उगवले. त्यांना बिछाना मांजरसुंब्याच्या घाटावर हवा होता. शिपाई काठी बघत तिच्या दारात आला. घरात एकटा गहिनीनाथ, भिंतीला टेकून बसलेला. शिपाई माणूस बरा होता. तो थांबला, आमच्या ओट्याकडे बघितलं आणि विचारलं, याच्या ऐवजी कोणी येतं का? ओट्यावर आम्ही चांगले पाचसहा धडधाकट गडी तंबाखू मळत होतो. तंबाखू बरीच बारीक झाली.

गहिनीनाथ स्वतःच उठला. घाटाच्या अर्ध्यात बिछाना डोक्यावर असतानाच खाली बसला आणि मग आडवा झाला. अमीनसाहेबांची तक्रार अशी की गादीला रक्ताचे डाग पडले. पाटलांनी बदली गादी पाठवली. माणूस गाडीतून परत आला. सुभद्राबाई पालीहून परतली तेव्हा आम्ही तिच्या दारात जमलेलो, आणि तिच्या डोक्यावर अजून घोड्यांना पाणी घालायची सरकारी घागर होती. ती उतरवून घ्यायलाही कोणी पुढं झालं नाही.

दिवस झाल्यावर पाटलांनी चावडी भरवली. अमीनसाहेबांनी विचारणा केली होती म्हणे, की मरायला टेकलेला माणूस धाडलात कसा? सुभद्राबाईला बोलावलं. ती मोकळ्या कपाळानं, हातात काठी घेऊन आली आणि पायरीपाशी उभी राहिली. पाटील आज हसत नव्हते. झालं ते वाईट झालं, म्हणाले, उद्यापासून काठी पुढच्या दाराला जाईल, बाईनं मनात काही ठेवू नये. पुढचं दार माझं. मी छपराचे वासे न्याहाळू लागलो.

"कुनाचं काही म्हननं?" पाटलांनी सवयीनं विचारलं. चावडी गप्प.

सुभद्राबाई म्हणाली, "समदे गप बसले की तुमी कबूल धरता, पाटील. आमचे धनी घाटात गप पडले, त्यांचंबी कबूलच धरा. अन् काठी आता कुनाच्या दाराला लावायची, ते तुमी जाऊन त्यांनाच इचारून या."