गळका पंप

काल सकाळी सुनंदावहिनी प्लास्टिकच्या स्प्रे-बाटलीने बाल्कनीतल्या कुंड्यांवर पाणी फवारत होत्या. मोगरा, तुळस, शेवंती. आणि रांगेच्या शेवटी चाकाच्या खुर्चीत त्यांचे सासरे, म्हणजे माझे भाऊकाका. उकाडा फार होता, म्हणून वहिनींनी त्याच बाटलीने काकांच्या तोंडावरही एक फवारा मारला.

काकांचा पूर्वी बागेचे पितळी फवारणी पंप बनवायचा छोटा कारखाना होता. प्रत्येक पंप ते स्वतः दाबून बघत. नोझल गळलं, की त्याच पंपाचा फवारा तो बनवणाऱ्या कामगाराच्या तोंडावर मारत, सगळ्यांसमोर. तो डोळे मिटून घेई. बाकीचे हसत; हसावंच लागे. त्या धाकावर मालाचं नाव झालं. गुलाबांवर पडणाऱ्या त्या तलम तुषारांमागे किती ओले चेहरे आहेत, हे बागवाल्यांना कुठून कळणार? पुढे प्लास्टिकचे पंप आले आणि कारखान्याला कुलूप लागलं.

काल तोंडावर फवारा आला तेव्हा काकांनी मात्र डोळे मिटले नाहीत. ते बाटलीच्या तोंडाकडे बघत होते.

"गळतंय," ते म्हणाले.

"गळू दे हो, बाबा," वहिनी हसल्या. "गळकं आता दुरुस्त कोण करतं? फेकून देतात."

मीही हसलो. काकांच्या हनुवटीवरून पाणी टपकत होतं.