चोर मूर्तिजापूरलाच सापडला

गुप्तहेर मुलीच्या गोष्टी लिहायला लागले आणि गोष्टींपेक्षा त्यांचे किस्सेच जास्त साठले! माझी नायिका रेवा, वय वर्षं तेरा, अकोल्यात राहते आणि चोर पकडते. पहिली गोष्ट अमरावतीचे एक प्रकाशक अकोल्याला आले असताना त्यांच्या हातात दिली. परतताना गाडीत त्यांच्या नातीनं ती वाचली. संध्याकाळी फोन आला, "ताई, मूर्तिजापूर यायच्या आत, अर्ध्या वाटेतच पोरीनं चोर पकडला! पोरींना शेवटपर्यंत सापडणार नाही असा चोर आणा, मगच छापतो."

*

मग मी कॉलनीतल्या तीन मुली जमवल्या. दर रविवारी मी एक प्रकरण वाचायचं, त्यांनी चिवडा खात चोर शोधायचा. त्यांची म्होरकी सातवीतली गौरी.

एका प्रकरणात भर मे महिन्यात रेवा कूलरमागे लपून चोरांची कुजबुज ऐकते. गौरीनं हात वर केला. "काकू, कूलर चालू असल्यावर काई आयकू येते का?"

आता मे महिन्यात अकोल्यात कूलर बंद ठेवणं चोरांनाही जमणार नाही. रेवाला पलंगाखाली घातलं.

*

पुढे रेवा घरी न सांगता एसटीनं अकोटला जाते. मुली हसायलाच लागल्या. त्यांचं म्हणणं, एसटीत कोणी ना कोणी मामा-मावशी भेटणारच आणि ही उतरायच्या आत हिच्या आईला फोन जाणार. तिघींनाही तसा अनुभव होता म्हणे. तो प्रवास रद्द झाला.

*

चोर मात्र दर वेळी सापडायचा. एकदा वैतागून विचारलंच, कसा ओळखता गं?

"तुमच्या गोष्टीत जो रेवाले उगाच भजे खाऊ घालते, तोच चोर रायते," गौरी म्हणाली.

मी सगळ्या गोष्टी चाळल्या. माझा एकही चोर भज्यांशिवाय नव्हता!

*

यंदा नवी गोष्ट लिहिली, भजी पार काढून टाकली. शेवटचं प्रकरण तेवढं राखून ठेवलं आणि विचारलं, सांगा चोर कोण? तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. गौरीनं मान हलवली, "नाई सापडला, काकू." मला इतका आनंद झाला की प्रकाशकांना तिथूनच फोन लावला. पुस्तक निघालं.

पहिली प्रत द्यायला गौरीच्या घरी गेले. तिच्या आईनं मुखपृष्ठावरून हात फिरवला आणि कौतुकानं म्हणाली, "हेच ना थे, ज्याच्यात कंपाउंडर चोर हाय? गौरीनं मले दुसऱ्याच रविवारी सांगतलं होतं. म्हणे, आई, काकूले बोलू नोको, त्याइचं पुस्तक निघू दे."