कडू न लागलेला काढा

आमच्या बचत गटाची जीभ म्हणजे मी. खर्डीच्या आसपासच्या पाड्यांवरून बायका रानातला माल आणतात, त्यात कुड्याची साल असते. कुडे दोन. कडू कुडा आवेवर औषध, गोड्या कुड्याने आव थांबत नाही. वाळल्यावर दोन्ही साली सारख्याच दिसतात. म्हणून प्रत्येक गोणीतला एक तुकडा मी चावायचा, थुंकायचा आणि मगच गोणी आत घ्यायची. शहापूरच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, की हा कडूपणा अल्कलॉइडांचा. त्यातलं मुख्य कोनेसीन, आवेच्या जंतूंना ते मारतं. वर्षानुवर्षं तोंड कडू करून घेत होते, त्याला निदान एक नाव मिळालं.

मागे एक मोठा ताप आला आणि जाताना चव घेऊन गेला. महिनाभरात येईल म्हणून वाट पाहिली. आली नाही. मी कोणाला बोलले नाही. गटातली बाकीची कामं कोणीही करू शकत होतं, मला विचारून व्हायचं ते एवढंच. मग मी नुसतीच चावायची, थुंकायची, मान हलवायची. त्या सोंगाचा वीट आला होता, तरी सोडवत नव्हतं.

श्रावणात आईला आव लागली. मीच पास केलेल्या गोणीतली साल आणून काढा केला. दोन दिवस दिला, उतार नाही. कुड्याचा काढा घेताना आई डोळे घट्ट मिटते, तोंड वाकडं करते आणि वर मला शिव्या घालते, हे माझ्या लहानपणापासूनचं. तिसऱ्या दिवशी तिने वाटी शांतपणे रिकामी केली.

"आता बरा करतंस गो काढा," ती म्हणाली. "कडू नाय लागत."

मी उरलेला काढा ओतून दिला. रिक्षा बोलावली, तिला खर्डीच्या दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं. अंगातलं पाणी पार गेलंय, इतके दिवस काय करत होतात, असं डॉक्टर म्हणाले.

आई घरी आल्यावर गटाच्या बायकांना सगळं सांगितलं. त्या चिडल्या, चिडायलाच हव्या होत्या. उरलेल्या गोण्या उघडून पुन्हा निवडल्या. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला फोन केला, पण बराचसा माल दळून पुढे गेला होता. तो कोणाच्या वाटीत पडला असेल, हा विचार अजून पाठ सोडत नाही. फार थकवतो तो.

काम मी सोडणारच होते. आईच म्हणाली, "तुझी जीभ गेली, माझी हाय ना."

आता माल येतो तेव्हा ती गोण्यांपाशी बसते. तुकडा चावते आणि मी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहते. तिने डोळे मिटले, तोंड वाकडं केलं, मला दोन शिव्या घातल्या, की मी गोणी आत घेते.