फुलचंद कंपाउंडरनं ऐकलेलं माझं काळीज

रिसोडच्या त्या खासगी दवाखान्यात डॉक्टर एक होते आणि फुलचंद कंपाउंडर सव्वा. त्र्याहत्तर साली या माणसाच्या नावानं मी किती बोटं मोडली, विचारू नका. काम काय, तर गुलाबी औषध बाटलीत भरायचं आणि वर डोसाची कागदी पट्टी चिकटवायची. पण डॉक्टर जेवायला उठले की तपासायची नळी याच्या गळ्यात! बायकांना तर हा पदरावरून तपासायचा. एकीची छाती त्यानं घोंगडीवरून ऐकली आणि गॅस सांगितला. नळी तेव्हा कानात उलटी होती.

मी सोजर, जवळच्याच खेड्यातल्या नानाजींची पोरगी, अठरा वर्षांची. अकोल्याला नर्सिंगला माझा नंबर लागला होता. फक्त तब्येतीचा दाखला हवा होता, तोही सोमवारपर्यंत. नाही पोचला तर जागा दुसरीला.

मंगळवारी डॉक्टरांनी नळी लावली, परत लावली आणि फुलचंदला म्हणाले, "लिहा, साधी मर्मर. वयाची आहे." तेवढ्यात अडलेल्या बाईसाठी बोलावणं आलं. डॉक्टर गेले, दाखला राहिला. फुलचंद बाहेर आला, चष्मा काढला आणि बाकावरच्या माझ्या बापाला म्हणाला, "नानाजी, मन घट करा. पोरीचं काळीज आतून मर मर म्हन्ते."

"काय म्हन्ते?"

"मर मर. सायबानं सोता लिवाले सांगतलं."

झालं! घरी माझी माय गोजराबाई हंबरडा फोडून बसली. मला पाणी शेंदू देईनात, जात्याला हात लावू देईनात. गावातल्या बाया येत, माझ्या पाठीला कान लावत, मान हलवत जात. शेजारच्या नानीबाईला म्हणे अगदी स्पष्ट ऐकू आलं. ती दोन वर्षांपासून ठार बहिरी. आणि खोटं कशाला बोलू, मीही टरकले होते. उशीवर कान टेकला की तेच ऐकू येई.

"राहू दे ते नर्स-बिर्स," बाबा म्हणाला. "डोयासमोर राह्य."

शनिवारी माझं डोकं फिरलं. "मराचंच असन तं अकोल्यात मरीन, इथं खाटेवर नाही!" म्हटलं आणि बापाला ओढत एसटीत बसवलं.

डॉक्टरांनी सगळी हकिकत ऐकून कपाळावर हात मारला. मग फुलचंदकडे असं पाहिलं की त्याच्या हातातली कात्री पडली. "अहो, मर्मर म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज! कोवळ्या वयात रक्त जोरात धावतं. त्यात बाईमाणसाचं काळीज आकारानं लहान. चांगल्या धडधाकट काळजातही कोणाच्या अशी खळखळ ऐकू येते, कोणाच्या नाही. वय वाढलं की ओघ मंदावतो. म्हणून पोरीचं काळीज आणि म्हाताऱ्याचं काळीज एका मापानं मोजायचं नसतं."

मग त्यांनी नळी माझ्या पाठीला लावून बाबाच्या कानात घातली, सुलटी. बाबानं डोळे मिटले. ऐकतोय, ऐकतोय. माझा जीव टांगणीला.

"मर मर कुठी म्हन्ते रे फुलचंद?" बाबा ओरडलाच. "भर भर म्हन्ते! भर भर!"

डॉक्टरांना मजा वाटली. त्यांनी नळीचं दुसरं टोक फुलचंदच्या छातीवर टेकवलं. बाबानं कान दिला आणि तोंड वाकडं केलं. "याच्या इथं तं नुस्तं ठक ठक. वाह्यत काहीच नाही."

"साठीला आलेत, तेही ठीकच आहे," डॉक्टर म्हणाले. "फुलचंद, शाई आणा."

बाईसाहेब ठणठणीत असल्याचा दाखला शेवटी फुलचंदच्याच हातानं शिक्का मारून मिळाला.

रविवारी अकोल्याच्या गाडीपाशी हा हजर! गुलाबी औषधाची बाटली खिडकीतून माझ्या हातात कोंबली आणि कंडक्टरला सांगून राह्यला, "या बाईचं काळीज पयले म्याच पकडलं!" लाज म्हणून नाही मेल्याला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गाडी हलली.

बाबा गाडीच्या कडेकडेनं दोन-चार पावलं धावला. "जाय पोरी," एवढंच म्हणाला, "भर भर जाय."

आणि मी, दाखल्यावर ठणठणीत लिहिलेली, वाटेतलं मालेगाव येईपर्यंत रडत होते.